मटकीची फौज

इथे परदेशात, टूनगॅबी नावाच्या उपनगरात, आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये रोज वॉटर्लूची लढाई व्हायची. गाडी बाहेर, आत फरशीवर जुनी चादर, चादरीखाली उशा कोंबून केलेल्या टेकड्या. मसूर म्हणजे फ्रेंच, राजमा म्हणजे इंग्रज. आणि कोपऱ्यातल्या डब्यात झाकलेली मटकी, म्हणजे इंग्रजांच्या मदतीला उशिरा पोचणारे प्रशियन.

सेनापती नाना, शेजारच्या निखिलचे वडील. सांगलीहून लेकाकडे आले आणि विमानं बंद झाली. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, विमानाची धास्ती, म्हणून त्या मागेच राहिल्या होत्या.

लॉकडाऊनमध्ये मला दुसरी करमणूक नव्हती. मास्क लावून मी ड्राइव्हवेवर उभा राहायचो. "पुढे येऊ नकोस, तोफेच्या तोंडी जाशील," नाना काठी रोखायचे. सहा फुटांचं अंतर इतकं मनापासून पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"वेलिंग्टनने काय केलं? नुसता टिकून राहिला," हे त्यांचं पालुपद. मग मसूर राजम्यावर तुटून पडायचा. "जिंकलेल्यांचीसुद्धा माणसं अशी गेली बघ," म्हणत नाना दाणा दाणा हाताने वेचायचे. झाडू लावू द्यायचे नाहीत.

एका शनिवारी मुग्धाने, त्यांच्या सुनेने, डब्यातली मटकी भिजत घातली. "सॉरी नाना, मिसळ करायची होती. ती आर्मी आहे हे मला काय माहीत?"

मला हसू आवरेना. नाना मात्र रिकामा डबा उलटा करून पाहू लागले. त्याच सकाळी त्यांचं परतीचं तिकीट पुन्हा रद्द झालं होतं. "आता तिला काय दाखवू?" ते पुटपुटले.

ती कोण, ते संध्याकाळी कळलं. खुर्चीला टेकवलेल्या फोनवर काकू होत्या. तिकडे दुपार, बिल्डिंग सील, घरात एकट्या. इंग्रजांची सूत्रं रोज त्यांच्याकडे असायची. "अहो, डावीकडचा राजमा मागे घ्या," त्या फर्मावत होत्या. राजमा संपत आला. काकूंचा आवाज उतरला.

"मटकी येणार ना हो?"

नाना उठले आणि स्वयंपाकघरातून भिजलेली मटकी चाळणीसकट घेऊन आले. ओल्या मुठी चादरीवर रिकाम्या केल्या. मटकी चांगली टम्म फुगली होती.

"आज फौज मोठी दिसतेय," काकू हसल्या.

"उशीर झाला ना, म्हणून सगळी घेऊन आलो," नाना म्हणाले. "तू फक्त टिकून राहा."

मुग्धा दारात उभी होती. मिसळीचं नाव कुणी काढलं नाही.