सगूच्या भिंतीला चुना

इन्स्पेक्शन कसं पास करायचं, ते मला विचारा! तळोज्याच्या कंपनीत मी सुपरवायझर झालो तो काय उगाच? मोठा साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी आम्ही झाडांच्या बुंध्यांना गेरू लावतो, लाल बादल्यांत नवी वाळू भरतो आणि भिंतींना असा झक्क चुना मारतो की साहेब डोळे मिचकावत आत येतो आणि डोळे मिचकावतच बाहेर जातो. बघणार काय कप्पाळ!

त्यामुळे दादरच्या संस्थेची बाई आमचं घर तपासायला येणार असं कळलं, तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हणालो, "भागीरथी, तू काहीच करू नकोस. सगळं माझ्यावर सोड!"

तिथंच चूक झाली. म्हणजे तिची. तिनं सोडलं!

आता बाई कशाला येणार होती, तेही सांगतो. आमची सगुणा, घरातली सगू, तेव्हा अकरा वर्षांची. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, पण देवानं भरपाई म्हणून तोंड दोन माणसांचं दिलं. शाळा जवळच होती, पण वर्ग माडीवर. हेडमास्तर म्हणाले, "म्हात्रे, मुलीला रोज वर कोण उचलून नेणार?"

"मी!"

"आणि खाली कोण आणणार?"

खाली आणायच्या वेळेला मी तळोज्यात असणार होतो. संपलं! तेव्हापासून भागीरथीच तिला घरी शिकवत होती. भागीरथी सातवी पास. पण पोरगी अशी वखवखलेली, की आईची सातवी तिनं चाटूनपुसून संपवत आणली. पुढं काय, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना ती दादरची संस्था दर महिन्याला मदत द्यायची. पुस्तकं, घरी येऊन शिकवणारे मास्तर, चाकाची खुर्चीसुद्धा! फक्त एकदा बाई येऊन बघणार, पोर खरंच शिकते का. बाईंनी मान हलवली तर सगूचं पुढचं शिक्षण, नाहीतर सातवीवर कुलूप.

नेमकी त्याच वेळी भागीरथीच्या भाचीची हळद आली. मायलेकी दोन दिवस उरणला गेल्या. बाई ज्या दिवशी येणार त्या सकाळच्या एस्टीनं परत येतो म्हणाल्या. घर माझ्या ताब्यात!

मी लगेच पाहणी केली. बाहेरची खोली ठीक. पण स्वयंपाकघर? अरे देवा! चुलीशेजारची भिंत जमिनीपासून हातभर वर काळीकुट्ट! कोळशानं नुसती बरबटलेली. सगू पालथी पडून तिथं काहीबाही खरडायची, हे मला माहीत होतं. पण बाईंनी बघितलं तर काय म्हणतील? हे घर आहे की कोळशाची वखार? मी चुन्याची बादली कालवली आणि फडाफडा दोन हात मारले. भिंत अशी पांढरी झाली, जशी नवऱ्या मुलाची टोपी!

तेवढ्यात शेजारचा गोटीराम आला. त्याचा मांडव-डेकोरेशनचा धंदा.

"पंढरी, तुझ्याकरं बाई येनार हाय ना? मंग मांडव नको?"

"गोट्या, तपासणी आहे रे. हळद नाही."

"आरं पन पाव्हनी हाय! उन्हात उभी करशील?"

मुद्दा बरोबर होता. मांडव आला. मांडवामागून खुर्च्या आल्या. खुर्च्या रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून पेपरमिंट वाटून आळीतली पोरं बसवली. पोरं नुसती बसली तर शाळा वाटत नाही, म्हणून त्यांना पाढे म्हणायला लावले. आणि पाढे लांबवर ऐकू जावेत म्हणून गोटीरामनं विचारलं, "माईक लावू का?"

मी 'नको' म्हणेपर्यंत कर्णा आमच्या शेवग्यावर चढला होता!

बाई आल्या. सबनीसबाई. कडक इस्त्रीची निळी साडी, खांद्याला पिशवी. मांडव बघून त्या सरळ पुढं निघाल्या. मी धावत आडवा गेलो.

"बाई, इकडे, इकडे!"

"नाही हो, मला लग्नघरी नाही जायचं. म्हात्र्यांची मुलगी घरी शिकते ना, ते घर हवंय."

"मीच म्हात्रे!"

"अय्या! आज तुमच्याकडे कार्य आहे का? मग मी पुन्हा येते."

"छे, छे! कार्य कसलं? आमच्याकडे रोज असंच असतं!"

बाई थबकल्या. "रोज? मांडव?"

"अभ्यासाला सावली नको?"

"आणि ही मुलं?"

"शिकायला येतात!"

"हीसुद्धा रोज?"

"न चुकता!" मी छाती फुगवली. वर कर्ण्यातून गोटीराम ओरडला, "हॅलो, हॅलो! पाव्हन्या सबनीसबाईंनी खुर्चीवर बसून घ्यावं! थंड येतंय!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, भारावल्या!

"म्हणजे तुम्ही क्लास चालवता," त्या म्हणाल्या. "मांडव, खुर्च्या, माईक, थंड! तुमचा उद्योग चांगला जोरात दिसतोय, म्हात्रे. आमची मदत गरजू घरांसाठी असते. क्लासवाल्यांसाठी नाही."

आणि बाई चालू लागल्या की हो! सगूची खुर्ची, मास्तर, पुस्तकं, सगळं त्या निळ्या साडीमागून रस्त्यानं चाललं होतं. मी मागून "बाई! बाई!" करतोय, पोरं "सत्रा दुणे चौतीस" करतायत, आणि कर्णा "वन टू थ्री" करतोय!

अशात समोरून भागीरथी आली. पाठुंगळीला सगू. एस्टी उशिरा आली होती.

"लग्न कुणाचं?" भागीरथीनं विचारलं.

"तू सगुणा का गं?" सबनीसबाई थांबल्या. "या मांडवात शिकतेस ना तू?"

"मांडवात? नाही बा!" सगू आईच्या खांद्यावरून म्हणाली. "हा तर गोटीकाकांचा मांडव. खुर्च्यापण त्यांच्याच. आणि तो पुढं बसलाय ना, दत्तू, तो अभ्यास करतोय? तो स्वतःच्या शाळेतपण जात नाही!"

दत्तूनं पेपरमिंट गिळलं आणि मान खाली घातली. मी पण. मला गिळायला पेपरमिंटसुद्धा नव्हतं.

"मग तू कुठं शिकतेस?"

"चुलीपाशी. आई भाकऱ्या करते आणि मी भिंतीवर लिहिते. अपूर्णांक आहेत, महाराष्ट्राचा नकाशा आहे, आईला न आलेली गणितं एका बाजूला लिहून ठेवलीत. या, दाखवते!"

मी पुन्हा धावत आडवा गेलो. "बाई, आधी थंड घ्या," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. भागीरथीनं सगूला दारात उतरवलं. ती हातांवर सुळसुळ पुढं, मागं बाई, मागं भागीरथी, मागं पेपरमिंटवाली सगळी शाळा!

स्वयंपाकघरात सगळे थांबले.

"भिंत कुठंय?" सगू म्हणाली.

भागीरथी भिंतीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा तिनं मला इतकं निरखून बघितलं नव्हतं!

"मला वाटलं... घाण दिसेल," मी पुटपुटलो. "इन्स्पेक्शन होतं ना..."

सगूनं हात पुढं करून भिंतीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. पसरलं असतं तर बरं झालं असतं! तिनं ते बोट परकराला पुसलं. मग म्हणाली, "बाबा, वाळलाय का हो हा?"

"वाळलाय गं."

"मग असू दे. जुनी भिंत भरलीच होती. समीकरणांना जागा नव्हती."

तिनं चुलीतला विझलेला कोळसा उचलला, पालथी पडली आणि लिहायला लागली. आधी आईला न आलेली गणितं. सगळी पाठ होती तिला! मग नकाशा. मुंबईपेक्षा उरण मोठं, कारण तिथं मामा राहतो.

सबनीसबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि चक्क फरशीवर बसल्या. एक गणित त्यांनी समजावलं. सगूनं सोडवलं. दुसरं दिलं, तेही सोडवलं. तिसऱ्याला ती अडली, तेव्हा दोघी भांडायलाच लागल्या! भागीरथीनं चहा टाकला. मी कोपऱ्यात खांबासारखा उभा. हलायचीसुद्धा भीती, न जाणो अजून काही पुसलं जायचं!

तास-दीड तासानं बाई भिंतीला टेकल्या. उठल्या तेव्हा निळ्या साडीवर पांढरा चुना आणि त्यावर कोकणची अख्खी किनारपट्टी, उलटी! गोटीराम फडकं घेऊन झटकायला धावला. मी त्याला मागच्या मागं ओढला. झालं तेवढं पुरे होतं!

"भागीरथीबाई," जाताना सबनीसबाई म्हणाल्या, "मदत मिळेल. मास्तर पाठवते, खुर्चीचंही बघते. तुम्ही फार छान शिकवलंत हो. पण माझी एक अट आहे."

"सांगा ना."

बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. "मी पुन्हा येईन ना, त्या दिवशी यांना घरी ठेवू नका."

बाई पुन्हा आल्या त्या एका रविवारी. भागीरथीनं भल्या पहाटे माझा डबा भरून दारात ठेवला.

"अगं, आज सुट्टी! कंपनी बंद असते!"

"मग बंद कंपनीसमोर बसा!"

बसलो! वॉचमननं विचारलं, "सायेब, आज कसं काय?" मी ऐटीत म्हणालो, "इन्स्पेक्शन आहे!" बिचारा धावत गेला आणि दिवसभर एकटाच गेट धूत बसला.