लोअर हटची काटकसरी भुतं

हॅलोविन काटकसरीत साजरा करावा, असा ठराव न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या मराठी मंडळाने २०१४ साली एकमताने मंजूर केला. एकमत व्हायला कारण होतं. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि भुतांसाठी कुणाच्याच खिशात काही उरलं नव्हतं.

योजना विभावरीची. ती फार्मासिस्ट, त्यामुळे मोजूनमापून देणं तिच्या अंगवळणी पडलेलं. अध्यक्ष राजारामभाऊंच्या गॅरेजमध्ये भरलेल्या सभेत ती म्हणाली, "चॉकलेटची पिशवी एकच आणायची. मुलं एका घरी चॉकलेट घेतील, फाटकाबाहेर मंडळाकडे जमा करतील, तीच पुढच्या घरी वाटायची. हळदीकुंकवातला ब्लाउजपीस कधी कुणी शिवलाय का? तसंच."

"स्वीट अ‍ॅज, वहिनी, एकदम झकास! ही तर आपली संस्कृती," भाऊ गहिवरून म्हणाले आणि त्यांनी जमा-अधिकारी म्हणून स्वतःचीच नेमणूक केली.

वेशभूषेचाही खर्च वाचला. भाऊंचं एक जुनं धोतर होतं. त्यात मुलांनी पाळीपाळीने भूत व्हायचं आणि बाकीच्यांनी प्रतीक्षा यादीत राहायचं. इथला ऑक्टोबर म्हणजे वसंत, संध्याकाळी सातलाही लख्ख ऊन. म्हणून भुताने सनस्क्रीन चोपडून शाळेची हॅट घालावी, अशी उपसूचना मंजूर झाली.

पहिली तीन घरं दृष्ट लागण्यासारखी पार पडली. भुतं दार वाजवत, चॉकलेट घेत, फाटकाबाहेर भाऊंच्या पिशवीत टाकत, आणि भाऊ गाडी काढून मागच्या रस्त्याने पिशवी पुढच्या घरी पोचवत. चौथं घर विभावरीचं. तिची सात वर्षांची ऋग्वेदा नेमकी तेव्हा धोतरात होती. विभावरीने स्वतःच्या हाताने तिला चॉकलेट दिलं, आणि पोरीने धोतराच्या आतल्या आत ते खाऊन टाकलं.

"ऋग्वेदा! अगं, खाल्लंस?"

"बट आई, यू गेव्ह इट टू मी."

याला ठरावात उत्तर नव्हतं. भाऊंनी तिथेच ड्राइव्हवेवर तातडीची सभा बोलावली. पुढच्या घरी एक चॉकलेट कमी पडणार, म्हणजे साखळी तुटली. "आज चॉकलेट खाल्लं, उद्या कुणी ब्लाउजपीस शिवून घालेल!" शेजारच्या कांचनताई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. पोरीची बाजू घ्यावी, असं विभावरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण योजना तिचीच, आणि चार लोकांत वाईटपणा कोण घेणार?

"काकांना सॉरी म्हण," ती म्हणाली.

ऋग्वेदाने सॉरी म्हटलं आणि चॉकलेटचा कागदसुद्धा परत केला.

तो कागद भाऊंनी उन्हात धरून निरखला. आत पुठ्ठ्याचा तुकडा घातला तर हुबेहूब चॉकलेट! तेव्हापासून भुतांना पुठ्ठाच द्यायचा, असं ठरलं. खाण्याचा धोका संपला, मुलांचे दात वाचले. राहिलेली चॉकलेटं सुरक्षिततेच्या दृष्टीने कार्यकारिणीने खाऊन टाकली.

विभावरीला मात्र ते सॉरी वर्षभर टोचत राहिलं. पुढच्या हॅलोविनला तिने मंडळाच्या नकळत एक खरं चॉकलेट विकत आणलं, पुठ्ठ्यांत वेगळं राखलं, आणि धोतरातली ऋग्वेदा दारात आल्यावर तेच तिच्या हातावर ठेवून कुजबुजली, "हे तुझं, खरंखुरं. खा, राणी."

"थँक यू, आई," ऋग्वेदा शहाण्यासारखी म्हणाली. हातातल्या वस्तूकडे न बघता ती फाटकापर्यंत गेली आणि तिने ती भाऊंच्या पिशवीत टाकली. विभावरीने हाक मारायला तोंड उघडलं, पण फाटकाशी कांचनताई उभ्या होत्या.

मंडळाने ऋग्वेदाला त्या वर्षीची आदर्श बालिका जाहीर केलं. टाळ्यांच्या कडकडाटात भाऊंनी तिला बक्षीस दिलं: एक ब्लाउजपीस.

मोरपंखी, घडीवर जरा विटलेला. हसताय काय? संक्रांतीला तुम्हीच तर तो पुढे ढकलला होतात.