मैनेचं वजन

सून गरोदर आहे असं कळलं, त्या दिवसापासून सोनाबाईने तिची भाकरी अर्धी केली. सोनाबाईची लेक शकू बाळंतपणात गेली होती. पोटात पोर फार मोठं झालं, म्हणून अडलं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सून मैना तेवढीच खाई. पाणी पिऊन निजे.

मुलगा सखा कर्जतला भाताच्या व्यापाऱ्याकडे पोती तोलायचा. बायकोचे वाळलेले हात पाहून त्याने बाजारच्या दिवशी तिला काट्याच्या पारड्यात बसवलं. पुढच्या बाजारी पुन्हा बसवलं. वजन होतं तेवढंच.

"आता वाढलं नाय, तर हिला कळंबला माहेरी धाडीन," त्याने आईला बजावलं.

मैनेने ते ऐकलं. माहेरी त्या वर्षी चूलच पेटत नव्हती. इथे निदान अर्धी तरी मिळत होती. पुढच्या बाजारी तिने ओच्यात नदीतले गोटे बांधले. पारडं खाली गेलं.

सखा निर्धास्त झाला. आईला चोरून मैनेसाठी आणायचा ते फुटाणे त्याने बंद केले. सोनाबाई मात्र हबकली.

"अर्ध्या भाकरीवर एवढी फुगली? पोर केवढं झालं असंल गं!"

तिने अर्धीची चतकोर केली.

मैना आणखी वाळली, म्हणून गोटे वाढवावे लागले. पुढच्या खेपेला पारड्यात बसताना गाठ सुटली. गोटे खडखडत खाली पडले आणि पारडं मैनेला घेऊन वर गेलं. बाजार हसला. सखा खाली मान घालून गोटे वेचू लागला. सोनाबाई वर गेलेल्या पारड्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. पोर मांजराच्या पिल्लाएवढं, पण सुटायला दोन दिवस लागले. मुलगी रडली, मैना वाचली, तेव्हा सोनाबाईने चिमा सुइणीला विचारलं, "एवढंसं पोर, तरी कसं अडलं गं?"

"आडवं व्हतं. शकूचं बी आडवंच व्हतं. तवा मला फिरवता नाय आलं."

"मोठं नव्हतं?"

"नाय. बारीकच व्हतं."

"मग तवाच का नाय सांगितलंस?"

"तू इचारलं नाय. मला वाटलं, तुला ठावं हाय."

सोनाबाई उठली. तिने भात रांधला आणि ताट घेऊन मैनेच्या उशाशी बसली. मैनेने दोन घास खाल्ले आणि ताट हळूच बाजूला सारलं.

"बस झालं, आत्याबाई," ती म्हणाली. "आता एवढं जात नाय."