पाठकोऱ्या कागदांवरची फुलं

अन्याय दत्ताअण्णांवर झाला. कधी, तेही सांगतो. गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, महाडला जाणारी पहिली एस.टी. सुटल्यावर, अण्णा घरात नसताना. कुणी केला ते पुढे येईलच. दडवणार नाही.

अण्णा आमच्या वाडीतले. जन्मभर महाडला मोजणीखात्यात नकाशे काढले आणि पेन्शनीत निघून पुन्हा शेतावर आले. माणूस विक्षिप्त. लग्नपत्रिका आली की मुहूर्त नाही, नवरीचं नाव नाही, आधी कोपऱ्यातलं फूल बघणार. जास्वंदीला सहा पाकळ्या दिसल्या की पत्रिका आणणाऱ्याच्याच हातात परत.

"पाच असतात. ज्यांना जास्वंद मोजता येत नाय, ते मुला-मुलीचे गुण काय मोजणार?"

अशा लग्नांना अण्णा जात नसत. त्यांची बायको, आमच्या काकी, जायच्या आणि पदरात लाडू बांधून आणायच्या. तो लाडू अण्णा निमूटपणे खात. "हे बरं चालतं!" काकी म्हणायच्या. "लाडवाला पाकळ्या नसतात गो," हे उत्तर.

फूल तोडायचं नाही, हा दुसरा कायदा. देवाला तुळस आणि अक्षता. गणपतीलासुद्धा खाली गळलेलं फूल. भटजींनी हरकत घेतली तर म्हणाले, "त्यानं पाडलंय, मी फक्त उचललं."

मी या वाडीचा कार्यकर्ता. पत्रकं काढतो, सभा घेतो, शिव्या खातो. आमच्या ओढ्यावर साकव, म्हणजे पायी ओलांडायचा पूल, हवा, ही माझी मागणी. पावसाळ्यात चार महिने वाडीतला आजारी माणूस अलीकडेच राहतो आणि बहुतेक वेळा अलीकडेच मरतो. मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला, अर्जावरचा पत्ता बदलला, ओढा तोच. तर पहिलं पत्रक छापून मी मोठ्या ऐटीत अण्णांना दिलं. त्यांनी मजकुराकडे पाहिलंसुद्धा नाही. चौकटीवर बोट ठेवलं.

"हे कसलं फूल रे?"

"शोभेचं आहे, अण्णा. छापखानेवाल्यानं घातलं."

"शोभेचं म्हणजे नसलेलं. नसलेलं छापता, मग साकवाचं तरी खरं कोण मानणार?"

मला राग आला. इथे माणसं मरतात आणि हा म्हातारा पाकळ्या मोजतो! तो राग माझ्या मनात राहिला, हे नोंदवून ठेवतो. पुढे त्याचा उपयोग झाला.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी महाडला कचेरीवर आमचा मोर्चा होता. सकाळी घोषणा रंगवायला बसलो आणि कागद संपले. आमच्याकडे कागद म्हणजे पाठकोरा कागद. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, कॅलेंडरची उलटलेली पानं. एक बाजू भरलेली असली तरी दुसरी कोरी आहे ना? मग तो कोराच. वाडीत कुणीही असंच म्हणेल.

अण्णांच्या घरी गेलो. अण्णा पेन्शनच्या कामाला महाडला गेलेले. काकी भाकऱ्या थापत होत्या.

"काकी, जाड कागद आहेत का हो घरात?"

"पेटीत हायत ना! जलमभर सांभाळलेत. एका अंगाला काय फुलंबिलं काढल्यात, दुसऱ्या अंगाला कोरेच हायत. ने. साकवाचं काम हाय, नाय कोण म्हणेल?"

धोतराच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा. मी सोडला. काळ्या शाईतली फुलं. कळलावी, भारंगी, तेरडा, चवर, कारवी. एकेका पाकळीवर केसासारख्या बारीक रेघा, पानाला पडलेलं किड्याचं भोकसुद्धा नेमकं. मी ती पाहिली. पाहिली नाहीत असं म्हणणार नाही. पाहिली, आणि उलटी केली. 'साकव द्या!' गेरूनं लिहिलं, मागच्या बाजूला खळ फासली. मागची बाजू म्हणजे फुलांची.

पोलादपूर नाक्यापासून महाडच्या बाजारपेठेपर्यंत भिंती भरून टाकल्या. काय सुरेख दिसत होत्या!

अण्णांनी त्या परतीच्या वाटेवर पाहिल्या. नाक्यावर उतरले आणि एका भिंतीपाशी थांबले. मोर्चा आटोपून मीही नाक्यावर आलो होतो. धावत गेलो, वाटलं घोषणा आवडली. एक कोपरा सुटला होता. तो नखानं किंचित उचलून म्हणाले, "भारंगीचा देठ." कोपरा परत दाबून बसवला. मी त्यांच्यासोबत घरापर्यंत आलो. ओसरीवर काकींनी विचारलं, "कागद दिले मी. चाललं ना?"

"बरं केलंस गो. धूळ खात पडले होते."

पंधरा दिवसांनी माझ्याच सामानात एक कागद सापडला. कोऱ्या बाजूला तेलाचा डाग होता म्हणून वापरला नव्हता. तो घेऊन तोंड चुकवत त्यांच्या खळ्यात गेलो. अण्णांनी कागद मांडीवर धरला.

"पावसाळ्यात मोजणी बंद असायची. मग गावाला यायचो. नवीन लग्न झालेलं. डोंगरात ही सोबत यायची. तोडलं की फूल मान टाकतं, म्हणून फांदी ही वाकवून धरायची. दुसऱ्या हातानं कागदावर इरलं, पाऊस लागू नये म्हणून. तास तास. हात भरून यायचा, पण हूं की चूं नाय."

मग मी नीट पाहिलं. चित्राच्या अगदी कडेला, देठापाशी, दोन बोटं होती. एका नखावर लहानशी चीर. हिरव्या बांगडीची अर्धी कड.

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

"काकींना ठाऊक आहे?"

"बोटं घरी आल्यावर काढायचो, आणि घरात वडील ओटीवर बसलेले. त्यांच्यासमोर बायकोशी बोलायची सोय नव्हती, तिचा हात काढलेला कुठं दाखवतोस? मग वडील गेले, तोवर लाज अंगवळणी पडली. वाटायचं, दाखवू." त्यांनी कागदाची कड अंगठ्यानं सपाट केली. "आता तिला सांगू नको. आपलाच हात आपल्या हातानं देऊन टाकला हे कळलं तर जेवायची नाय." आणि मग माझ्याकडे वळून, "साकव मंजूर झाला काय रे?"

"नाही, अण्णा."

"म्हंजे तेही नाय."

अर्ज कुठे आहे, ते कचेरीत कुणाला माहीत नाही. या पावसात ओढ्यानं आणखी एक माणूस अडवून धरला, तो गेला. पाठकोरे कागद मी अजून वापरतो, पण आधी उलटून बघतो. त्यानं काय होणार?

काकींना वाचता येत नाही, म्हणून हे उघड लिहितो आहे. पोलादपूर-महाड रस्त्यावर ज्यांची घरं, दुकानं, गोठे आहेत, त्यांनी आज बाहेर येऊन आपली भिंत पाहावी. 'साकव द्या!' असा जाड कागद अजून कुठे चिकटलेला असेल तर तो ओरबाडू नका, त्यावर चुना फासू नका. भिंत पाण्यानं भिजवा. खळ सुटेल. मोजणीखात्याची शाई पाण्यानं जात नाही. कागद हलक्या हातानं उलटा, सावलीत वाळवा, आणि दत्ताअण्णांच्या हातात नेऊन द्या. अख्खा नसला तरी चालेल. बोटांचा तुकडा असला तरी आणा.