नियम सांगून संपेपर्यंत

“आधी नियम, मग पत्ते,” असं भगवंतने बजावलं, तेव्हा पुंडलिकने पत्त्यांकडे गेलेला हात मुकाट्याने मागे घेतला आणि झुंबरने भलीमोठी जांभई दिली.

रविवारची दुपार होती. दांडीत पुंडलिकच्या घराला लागून एक खोली होती, तिथे भगवंत आणि साखरबाई भाड्याने राहत होते. भगवंत मूळचा नगरकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि तो तिथल्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून चिकटला. माणूस नियमाचा. पावतीवर सही नसली तर साहेबालासुद्धा एक खिळा द्यायचा नाही. त्याच्या या गुणावर बाकीचे कामगार वैतागत, पण वरचे साहेब खूश होते आणि त्याला नोकरीत कायम करण्याची शिफारस झाली होती. कायम झाला की वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. क्वार्टर मिळालं की गावी आजीजवळ ठेवलेली लहानगी लेक तानी इकडे येणार होती. साखरबाई रोज चुलीपुढे बसून मनातल्या मनात त्या दोन खोल्या लावत असे. तानीचा पाळणा कुठे टांगायचा इथवर तिचं ठरलेलं होतं, आणि तानी आता पाळण्यात मावणार नाही हे तिला कुणी सांगायला धजत नव्हतं.

पोकरचं खूळ भगवंतच्या डोक्यात शिरलं ते बांधकामावरच्या एका अमेरिकन इंजिनिअरमुळे. त्याच्या बंगल्यावर भगवंत सामान पोहोचवायला गेला होता. तिथे साहेब लोकांना खेळायला एक गडी कमी पडत होता, म्हणून त्यांनी यालाच बसवून घेतलं. भगवंतचं इंग्रजी बेताचं, पण नियम म्हटले की त्याला कुठलीही भाषा कळत असे. पुढे दोन-चारदा तो तिकडे गेला आणि शेवटी साहेबाने त्याला पत्त्यांचा एक गुळगुळीत कॅट भेट दिला. तेव्हापासून आपल्या घरीही पोकरची बैठक व्हावी असं भगवंतच्या मनात होतं.

साखरबाईने परवानगी दिली ती अटींवर. पैसे लावायचे नाहीत, त्याऐवजी चिंचोके. घरात बिडी ओढायची नाही. आणि पाहुणे चपला बाहेर काढतील. गडी दोनच जमले. झुंबर हा बांधकामावरचा फिटर, भगवंतच्याच तालुक्यातला. दुसरा घरमालक पुंडलिक. भांगाचे म्हणजे मंद भरतीचे दिवस, समुद्राला ओढ नव्हती, म्हणून त्याची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती आणि त्यालाही काही उद्योग नव्हता. पुंडलिकची आई गोदूबाई हिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती सुपात सुका जवळा घेऊन निवडत दारातच बसली होती. तिथे वारा चांगला येतो असं तिचं म्हणणं.

“तर,” भगवंतने चटईवर पानं मांडत सुरुवात केली, “पाचही पानं एका रंगाची आली की मोठा हात.”

“हे बघा,” पुंडलिकने बोट ठेवलं, “सगली लाल.”

“लाल नव्हे. बदाम वेगळं, चौकट वेगळं.”

“मंग रंग कशाला म्हनता? लाल तो लालच ना?”

भगवंतने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि पुढे निघाला. त्याने तीन राजे आणि दोन राण्या ओळीने मांडल्या. “याला म्हणायचं भरलं घर.”

गोदूबाईने सुपातून मान वर काढली. “तीन राजे न् दोन रान्या? तिसऱ्याचं काय रे पोरा?”

“मावशी, हा खेळ आहे.”

“खेळ कसला? तिथं भांडान व्हनार!”

झुंबर चटईवर आडवा होऊन हसायला लागला. त्याचं हसणं संपेपर्यंत भगवंत थांबला, कारण नियम सांगताना मध्ये कुणी हसलं तर थांबायचं हाही त्याचा एक नियम होता. मग त्याने पुढचा विषय काढला. हातात काही नसताना बरंच काही असल्यासारखं दाखवायचं. यावर गोदूबाईने “म्हंजे खोटं बोलायचं?” असं विचारलं आणि खोटं बोलणं आणि गप्प बसून फसवणं यांतला फरक समजावण्यात आणखी बराच वेळ गेला. चटईवर उन्हाचा कवडसा सरकत सरकत झुंबरच्या पायापर्यंत आला, तरी एकाच्याही हातात एकही पान पडलं नव्हतं.

“आरं गड्या, वाट की आता!” झुंबर कळवळून म्हणाला.

“घाई करायची नाही. पुढे भांडण नको.”

तेवढ्यात गोदूबाईने हात कपाळावर आडवा धरून रस्त्याकडे पाहिलं. “पोरा, पोलिस आला. सायकल हिकडंच वळवली.”

गेल्याच आठवड्यात बोईसरच्या बाजूला एका जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडली होती आणि सापडलेल्या दोघांची नोकरी गेली होती. खोलीत एकच धांदल उडाली. झुंबरने हाताला लागली तेवढी पानं बुडाखाली घेतली आणि त्यांवर मांडी घातली. पुंडलिकने ओंजळभर पानं आईच्या सुपात टाकून वर जवळा पसरला. साखरबाई चुलीपासून धावत आली, उरलेली पानं गोळा करून तिने पिठाच्या डब्यात कोंबली आणि चिंचोके पदरात घेतले. सगळं आवरलं तेव्हा भगवंतच्या हातात किलवरची राणी उरली होती. ती त्याने टोपीखाली ठेवली.

हवालदार दारात उभा राहिला. तरणाबांड, पण सायकल मारून घामाघूम झालेला. “भगवंत कोण?”

“मी.”

“ठाण्यावरून आलोय. चौकशी आहे.”

भगवंतने टोपी घट्ट दाबून धरली. हवालदार चटईवर टेकला. साखरबाईने चहा ठेवला. तो पुढे केला तेव्हा बशीत कपापेक्षा जास्त चहा होता.

“इथे किती दिवस झाले?” हवालदाराने विचारलं.

“आजच, साहेब. आजच पहिल्यांदा बसलोय.”

“आजच? आमच्याकडे तर दोन वर्षं लिहून आलंय.”

“दोन वर्षं!” भगवंत ओरडला. “साफ खोटं आहे, साहेब. कुणीतरी दावा साधलाय.”

हवालदाराने भुवया आक्रसल्या. झुंबरला मित्राची दया आली. “सायेब, ह्यो बिचारा अगदी नवखा हाये. आजून नीट जमत बी नाय त्याला.”

“काय जमत नाही?”

“काही नाही,” भगवंत घाईने म्हणाला.

हवालदाराने बशीतला चहा भुरकला आणि भगवंतला नीट न्याहाळलं. “बरं. परदेशी माणसांशी काही संबंध?”

संपलं, भगवंतला वाटलं. यांना सगळं कळलंय. आता लपवण्यात अर्थ नाही.

“एकाच साहेबाशी,” तो खाली मान घालून म्हणाला. “मी सामान द्यायला जायचो. त्यांनीच शिकवलं.”

“काय शिकवलं?”

प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची भगवंतची सवय अशा वेळीही सुटली नाही. “आपल्या हातात काय आहे ते कुणाला कळू द्यायचं नाही. चेहरा कोरा ठेवायचा. समोरच्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून त्याच्याजवळ काय आहे ते ओळखायचं. जोडीदारालासुद्धा खूण करायची नाही.”

हवालदाराचा बशी धरलेला हात हवेतच थांबला. अणुवीज केंद्राचं काम, त्यात गोरे लोक, डोळ्यांत तेल घालून राहा असं त्याला वरून शंभरदा बजावलेलं होतं. इतक्या दिवसांत त्याच्या हाती एक कोंबडीचोर तेवढा लागला होता.

“आणि हे तुम्ही कुणाकुणाला शिकवलं?” त्याने आवाज खाली आणून विचारलं.

“आजच सुरुवात केली होती. हे दोघं. हा आमच्याकडचा फिटर, आणि हा होडीवाला.”

“होडीवाला!” हवालदार ताठ झाला. “होडी कुठवर जाते तुझी?”

“लय लांब जाते, सायब,” पुंडलिक अभिमानाने म्हणाला. होडीबद्दल कुणी विचारलं की त्याचं भान सुटत असे. “किनारा दिसत नाय तितं जातो आमी. दोन-दोन, तीन-तीन दिस घरी नाय येत. कुनाला पत्ता नाय लागत आमचा!”

हवालदाराने बशी खाली ठेवली आणि तो उठून दारात आडवा उभा राहिला. “कुणी हलायचं नाही. माझं काम साधं होतं. कायम होणाऱ्या माणसाची वर्तणूक बघायची, शेजारी दोन माणसांना विचारायचं आणि जायचं. पण हे प्रकरण भलतंच दिसतंय. हे मला वर कळवावं लागेल.”

भगवंत मान खाली घालून उभा होता. त्याच्या कानावर फक्त ‘वर कळवावं लागेल’ एवढंच पडलं होतं. पण चुलीजवळ उभ्या असलेल्या साखरबाईने ‘कायम’ हा शब्द बरोबर टिपला. गेलं वर्षभर ती तो एकच शब्द ऐकायला कान टवकारून होती.

“अहो!” ती एवढ्या जोरात ओरडली की पदरातले चिंचोके खोलीभर उधळले. “ते पत्त्यासाठी नाय आलेले! तुमच्या नोकरीसाठी आलेत!”

भगवंतने वर पाहिलं. “काय?”

साखरबाईने पिठाचा डबा आणून हवालदारापुढे उपडा केला. पिठाच्या ढगातून चौकटचा राजा आणि त्याचं खटलं बाहेर आलं. “दादा, हे येडं माणूस पत्त्याचं बोलतंय. त्या गोऱ्याने त्याला पत्ते शिकवले. दुसरं काय बी नाय. तुमी ह्याला भलतंच समजून नेऊ नका. माझी लेक यायचीय इथं.” आणि तिचे डोळे भरून आले.

हवालदार एकदा तिच्याकडे आणि एकदा पिठाकडे पाहत राहिला. “पत्ते?” तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि सुस्कारा सोडला. “पत्ते होय! अहो, मग तसं सांगायचं ना! मी म्हटलं आता मुंबईचे मोठे साहेब येणार, आठ दिवस माझी झोप गेली.”

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पण हवालदार पुन्हा सावरला. “थांबा. पत्ते म्हणजे, पैसे लावून?”

“कसले पैशे!” गोदूबाईने सूप आपटलं. जवळ्यातून बदामचा एक्का उडून तिच्या मांडीवर पडला. “जेवून बसलाव तवापासून ह्यो पोर नुसता बोलतंय. एक पान कुनाला दिलं नाय त्यानं. बोलल्यावर पकडत असशील तर पकड बाबा, आमचं बी डोकं सुटंल.”

“खरं की काय?” हवालदाराने झुंबरला विचारलं.

“सायेब,” झुंबर बुडाखालची पानं काढत कळवळून म्हणाला, “माहे पाय मोडून आले, पन हात कोरडेच हायेत.”

“बरं, मला सांगा बघू, कसा असतो हा खेळ?” हवालदाराने भगवंतला फर्मावलं.

भगवंतने टोपी काढली. किलवरची राणी खाली पडली, तिला उचलून त्याने पुसलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चपला बाहेर काढण्यापासून. हवालदार ऐकत राहिला. पुंडलिकने पुन्हा लाल रंगाची शंका काढली, भगवंतने तिचं पुन्हा निरसन केलं. पानं पिसताना कुणी कुठे पाहावं इथपर्यंत गाडी आली तेव्हा हवालदाराने दोन्ही हात वर केले.

“पुरे! पुरे, माझे बाबा. एवढा दम जुगाऱ्याला नसतो. तुमची वर्तणूक चांगली आहे असं मी आजच कळवतो. माझ्याकडून काही हरकत नाही.”

“म्हणजे कायम?” साखरबाईने विचारलं.

“आता तुम्ही सामान बांधायला लागा, वहिनी.”

साखरबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पदराने पुन:पुन्हा तेच स्वच्छ पातेलं पुसत राहिली. मग एकदम वळली आणि सगळ्यांना पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही म्हणून दम देऊन कामाला लागली. झुंबरने भगवंतच्या पाठीत असा धपाटा मारला की पिठाचा ढग पुन्हा उठला.

भगवंतला मात्र उभं राहवेना. मघापासूनची सगळी भीती एकदम उतरली आणि तिच्याबरोबर अंगातली ताकदही. तो कोपऱ्यात भिंतीला टेकला, मग हळूच आडवा झाला. पोह्यांना फोडणी बसल्याचा वास आला. बाहेर ऊन कललं होतं. हवालदाराची सायकल भिंतीलाच होती. पोहे होईपर्यंत बसतो, असं म्हणून तो चटईवर सैलावला होता, आणि त्याच्यापुढे गोदूबाई सूप बाजूला सारून पानं वाटत होती. भराभर, हाताला येतील तशी.

“हे बग, लय सोपं हाय,” ती सांगत होती. “मोठं पान मोठ्याचं. दुऱ्या-तिऱ्या आमच्या पुंडल्याला द्यायच्या, त्याला त्याच आवडतात. न् ज्याला गुलाम येल त्यानं विहिरीवरना पानी आनायचं.”

“असं आहे होय,” म्हणत हवालदाराने आपली पानं उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. “आयला, गुलाम!”

“ऊठ मंग. हंडा थितं हाय, चुलीजवल.”

भगवंतने एक डोळा उघडला. खाकी गणवेशातला हवालदार बाही दुमडून, खांद्यावर पितळी हंडा घेऊन निमूटपणे दाराबाहेर पडत होता. पोकरमध्ये असा नियम नव्हता. कुठल्याच खेळात नव्हता. हे ताबडतोब सांगायला हवं होतं. भगवंतने त्यासाठी तोंडही उघडलं. पण चुलीपुढे साखरबाई झुंबरला तानीचे बोबडे बोल ऐकवत खळखळून हसत होती, आणि तसं हसणं त्याने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्याने तोंड मिटलं, कूस बदलली आणि थोड्याच वेळात तो घोरायला लागला.