मधलं नाव

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या ईमेलच्या प्रोग्रामने एका सोमवारी अविनाश गंगाराम मांजरेकर यांचं फक्त मधलं नाव दाखवायला सुरुवात केली, आणि नियमाप्रमाणे मंगळवारी सकाळी दहाला त्यांचे वडील कामावर हजर झाले. गंगाराम मांजरेकरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण त्यांनी हजेरीपटावर सही केली, आणि सही झाल्यावर हरकत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

ते याच कार्यालयातून निवृत्त झाले होते. संध्याकाळी टेबलावर एकही कागद शिल्लक ठेवायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. ईमेल म्हणजे टपालच, फक्त पाकीट नसतं, एवढं कळल्यावर त्यांनी दुपारपर्यंत मुलाने चार महिने दाबून ठेवलेल्या तक्रारी निकाली काढल्या. अविनाश समोरच्या बाकड्यावर बसून बघत होता. त्याच्या एका मसुद्यात वडिलांनी सर्वांसमोर लाल पेन्सिलीने सात चुका काढल्या, तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

संगणक शाखेच्या बाबर मॅडमनी त्याचं नाव यादीतून काढून पुन्हा घातलं, प्रोग्राम दोनदा बंद करून चालू केला. तरी गंगारामच दिसत होतं. शेवटी त्यांनी सांगितलं, की नावांचे रकाने सरकलेत. सरळ करता येतील, पण लेखी अर्ज लागेल, आणि दुरुस्ती झाली की वडिलांना जावं लागेल. अविनाशने तिथंच अर्ज लिहून दिला.

याच घोटाळ्यात नलिनी सुरेश साबळे यांच्या जागी त्यांचे यजमान येऊ लागले होते. त्यांना काम येत नव्हतं. बाईंनी बावीस वर्षांत प्रथमच दुपारची झोप काढली आणि आपली कसलीच तक्रार नसल्याचं फोनवर कळवलं. मी अजून ईमेलचा पासवर्ड घेतलेला नाही, त्यामुळे मी सुरक्षित होतो.

गुरुवारी बापलेक एकाच डब्यात जेवले. अविनाशने मान खाली घालून विचारलं, "दादा, शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात नव्हतो. तुम्ही वाट बघितलीत?"

"बघितली," दादा म्हणाले. "पण मार्चअखेर होती. कामं असतात."

अविनाशने हातातली अर्धी पोळी डब्यात परत ठेवली. शेजारी मीही माझा डबा बंद केला, खरं सांगायचं तर.

शुक्रवारी नावदुरुस्तीचा अर्ज रीतसर फिरत निर्णयासाठी मांजरेकरांच्याच टेबलावर आला, कारण तक्रारींचं टेबल ते. दादांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि अर्जदाराला बाकड्यावरून बोलावलं. अविनाश म्हणाला, की अर्ज मागे घेतो. दादांनी मान हलवली. दाखल झालेला अर्ज मागे घेता येत नाही, त्यावर निर्णयच द्यावा लागतो, हा नियम त्यांनी नवीन कारकुनांना तीस वर्षं शिकवला होता. मंजूर करायला तर एक सही पुरे होती. बाबर मॅडम संगणकाच्या उंदरावर हात ठेवून वाट बघत होत्या.

घड्याळात पावणेसहा झाले. दादांनी लाल पेन्सिल उचलली आणि अर्जावर शेरा मारला: "सोबत वडिलांचे संमतिपत्र जोडलेले नाही. पूर्तता करून पुन्हा सादर करावा."

"संमती द्याल, दादा?" अविनाशने विचारलं.

"वेगळा अर्ज कर. बघू."

तेव्हापासून दर शुक्रवारी अर्ज येतो आणि दर शुक्रवारी परत जातो. कधी तारीख अपुरी असते, कधी साक्षीदार नसतो. ज्या माणसाने आयुष्यात कागद रात्रभर अडवला नाही, त्याच्या टेबलावर एकच प्रकरण सात आठवडे प्रलंबित आहे, आणि साहेबांनी अजून त्याचा खुलासा मागवलेला नाही. बाकड्यावर अविनाशने घरून उशी आणून ठेवली आहे. डबाही आता मोठा आणतो.

परवा डाव्या बाजूला समास सोडलेला नाही, म्हणून अर्ज परत आला. अविनाशने पट्टी घेऊन कोऱ्या कागदावर समासाची रेघ आखली. ती जराशी तिरकी आली होती. त्याने ती तशीच ठेवली.