सॅमसनकाकांची पाताळबाग

गुहा दाखवायला नेणारा माणूस कंदीलच घेऊ देत नाही, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, थापा मारतोय. पण आमच्या सॅमसनकाकांनी निम्म्या पनवेलला गुहा दाखवली ती अंधारातच.

काका बेने इस्रायली ज्यू, दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी दिवा पेटवायचा नाही. बरं, मग रविवारी न्या! तर तेही नाही. "पाताळबाग शनिवारी सकाळी, उपाशीपोटी घ्यायची," असं ते औषध सांगावं तसं सांगत.

पाताळबाग हे नावही त्यांचंच. गावाबाहेरच्या टेकडीच्या पोटात उतरणाऱ्या बत्तीस ओबडधोबड पायऱ्या आणि तळाशी डोह. काका पुढे, मोठ्यानं पायऱ्या मोजत. आम्ही मागे, एकमेकांचे खांदे धरून. एकोणिसाव्या पायरीवर खडक डोक्याशी आलेला. तिथं काका हटकून म्हणायचे, "अगं, पदर सांभाळ, वाक जरा!" मागे कुणीही असो. एकदा माझे पैलवान मामा होते, झुपकेदार मिशांचे. हे आपल्याला नव्हे असं समजून ते ताठ राहिले आणि टेंगूळ घेऊन घरी आले.

पण बत्तीस पायऱ्या संपल्या की अंधार हळूहळू हिरवा व्हायचा. छताच्या भोकातून ऊन सरळ पाण्यात उतरलेलं, कडेनं नेच्यांची झालर. मी उताणा तरंगत राहायचो. थोड्या वेळानं आपण पाण्यावर आहोत की झोपेत, हेच कळेनासं व्हायचं. काका कधी पोहले नाहीत. काठावर पाय सोडून बसायचे आणि कुणी ओरडलं की म्हणायचे, "हळू! पाणी ऐकतंय."

त्यांचा मुलगा इस्रायलला गेला होता. 'बाबा, आता तुम्हीही या,' अशी त्याची पत्रं येत. काका जाईनात. "तिकडच्या समुद्रात म्हणे माणूस बुडतच नाही. असल्या पाण्याचा काय भरवसा?" असली कारणं सांगून ते आम्हाला हसवायचे.

खरं कारण हिराबाईनं सांगितलं. ती गुहेच्या तोंडाशी करवंदं विकायला बसायची. मी तिच्यापाशी काकांची नक्कल करून हसलो, तर ती माझ्यावरच उखडली.

"हसतो काय? त्यांची बाय आंधली होती. दर शनवारी दोगं असंच उतरायची, बत्ती नाय, काय नाय. ती म्हणायची, इथं आपण दोगं सारकी. तिला जाऊन पाच वरसं झाली, पन म्हातारा अजून तिलाच सांगतो."

मला माझीच लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी एकटाच काकांबरोबर गेलो. तोंडाशी म्हणालो, "काका, आज मी पुढे होतो." ते जरा घुटमळले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी मोजत उतरलो. सतरा. अठरा. एकोणीस. मोठ्यानं म्हणालो, "अगं, पदर सांभाळ, वाक जरा!"

मागे काका वाकले.

"बरोबर," काका म्हणाले. "दर शनिवारी म्हणशील?"

"म्हणेन."

"मग पोराला कळवतो, येतो म्हणून."

उरलेल्या तेरा पायऱ्या मीच मोजल्या.